सहाच्या तासाचे सर

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "अत्तारसाहेब, ऑनलाइन कॉलेजला प्रवेश घ्यायच्या आधी पोरांनी काय काय बघावं ते लिहा. जरा उपयोगी लिहा." मी उपयोगीच लिहितो. पहिल्यांदा हे बघा, की शिकवणारा माणूस जिवंत आहे का. संपादक हसले. तुम्हीही हसाल. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं याच प्रश्नाशेजारी बसून गेली, त्यामुळे मला काही हसू येत नाही.

आमच्या घरात कुंकू-बुक्क्याचं आणि अत्तराचं दुकान. मी एकटाच दुकान सोडून बारामतीच्या एका कॉलेजात चिकटलो. आधी नकाशे आणि प्रोजेक्टर सांभाळायचो. पुढे सगळं संगणकावर गेलं तेव्हा मला 'ऑनलाइन अभ्यासकेंद्राचा समन्वयक' केलं. नाव मोठं आहे. काम इतकंच, की पोरांच्या शिव्या वर पोचू द्यायच्या नाहीत आणि वरच्यांच्या खाली. केंद्र म्हणजे मागच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत मी आणि संगणक, दुसरीत जुना वर्ग, चार बाक, फळा, कॅमेरा आणि भिंतीवर पडदा.

हा धंदा कसा चालतो ते बाहेरच्याला माहीत नसतं. तास एकदाच चित्रित करतात आणि दरवर्षी तोच दाखवतात. कधीही बघा म्हटलं की पोरं कधीच बघत नाहीत. म्हणून वरच्या साहेबांनी शक्कल काढली, तास रोज संध्याकाळी सहाला आपोआप लागेल. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका आणि 'लाइव्ह' असे शब्द. पोरांना वाटतं, सर आत्ता, या क्षणी बोलतायत. मी म्हटलं, साहेब, ही थाप आहे. साहेब म्हणाले, ही शिस्त आहे. मोठ्या माणसांच्या थापेला शिस्त म्हणतात हे मला त्या वयात कळलं.

आता उपयोगाचं थोडं सांगतो. खातं उघडताना मोबाइल नंबर स्वतःचा द्या. इंदापूरकडच्या एका पोराने फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचाच नंबर दिला होता. दुकानदार दुकान बंद करून सासुरवाडीला गेला आणि नंबरही बदलला. त्या पोराला स्वतःच्या कॉलेजात शिरता येईना. परीक्षा कुठे होणार, ती घरी की केंद्रावर, पदवी कोण देणार, ती बाहेर चालते का, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. आणि घरच्यांना सांगा, की मी फोन बघत नाहीये, कॉलेजात बसलोय. पिंपळीच्या एका पठ्ठ्याने कॅमेऱ्यासमोर हजेरी हवी म्हणून फोन गव्हाणीला टेकवला आणि तो धारेला गेला. तोंडी परीक्षेच्या बाईंनी अर्धा वेळ त्याच्या म्हशीशी गप्पा मारल्या. म्हैस निदान जागेवर होती, असं बाई मला म्हणाल्या.

हे सगळं सांगता येतं. गायकवाड सरांचं सांगायला अवघड आहे.

सर भूगोल शिकवायचे. ते मूळ इंदापूर तालुक्यातले. त्यांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते लहान होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या घरांचे चौथरे वर येतात. सर दरवर्षी जायचे, स्वतःच्या घराच्या चौथऱ्यावर घटकाभर बसायचे आणि यायचे. पोरांना ते नावाने कधी बोलवत नसत, गावाने बोलवत. पिंपळीकर, लोणीकर, मोरगावकर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्याचं गाव राहिलं नाही, त्याला दुसऱ्याचं घ्यायला बरं वाटतं."

वर्गात त्यांची एक सवय होती. प्रश्न विचारायचा, गावाचं नाव घ्यायचं आणि मान कलती करून थांबायचं. उत्तर बरोबर असलं की "हां, बरोबर," चुकलं की "परत विचार करा." कुणी झोपलं असलं तर दोनदा हाक. तिसरी हाक त्यांनी उभ्या जन्मात कुणाला मारली नाही. दोन हाकांनंतर ते खडूचा तुकडा शोधायचे आणि खडू नेमका लागायचा.

चित्रीकरणाची वेळ आली तेव्हा सर अडून बसले. म्हणाले, "काचेला काय शिकवू, अत्तार? तू समोर बस." मी शेवटच्या बाकावर बसलो. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या आजूबाजूच्या रिकाम्या बाकांकडे बघत होते. "मोरगावकर, सांगा, कऱ्हा कुणाला मिळते?" मान कलती करून थांबले. खोलीत चिटपाखरू नाही. मग म्हणाले, "नाही. परत विचार करा." पुन्हा थांबले. "हां, बरोबर." मी घाबरून बाजूच्या बाकाकडे बघितलं. बाकावर धूळ होती. सरांना मी नंतर हसत विचारलं तर म्हणाले, "इतकी वर्षं शिकवल्यावर पोरं कुठं चुकतात ते पाठ होतं रे. पहिल्यांदा सगळेच भीमा म्हणतात." मला तेव्हा ते पटलं.

हिवाळ्यात चित्रीकरण संपलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, सर नेहमीप्रमाणे चौथऱ्यावर जाऊन आले, घरी येऊन आडवे झाले आणि उठले नाहीत. जूनमध्ये कोर्स सुरू झाला. पहिल्या दिवशी सहाला खोलीतल्या पडद्यावर सर आले आणि म्हणाले, "या, बसा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचबरोबर अंगावर काटाही आला, खोटं कशाला सांगू.

मी वर लिहिलं, की सरांच्या नावाआधी 'कै.' लावा, पोरांना कळू दे. उत्तर आलं, की नावाच्या चौकटीत ते बसत नाही. पुन्हा लिहिलं, तर विषय विचाराधीन आहे म्हणाले. तो अजून विचाराधीन आहे. मी माझ्या परीने प्रवेशाच्या वेळी पोरांना सांगायचो. पण निम्मे प्रवेश परस्पर फोनवरून होत, ती पोरं केंद्र कधी बघतच नसत.

रोज सहाला बाजूच्या खोलीतून आवाज यायचा. झाडणाऱ्या मावशी पाच वाजताच झाडून मोकळ्या व्हायच्या. मी म्हटलं, मावशी, फक्त व्हिडिओ आहे. त्या म्हणाल्या, "व्हय की. पर त्यो थांबतोय न्हवं मधीच. थांबतोय आन् ऐकतोय. म्या न्हाय जायाची." मलाही सरांच्या बोलण्याचा त्रास नव्हता, त्या थांबण्याचाच होता.

अशीच तिसरी तुकडी चालू असताना कोमल आली. मोरगावची, शेवटच्या वर्षाची. प्रवेश फोनवरून झालेला, केंद्राची पायरी पहिल्यांदाच चढत होती. बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला प्रकल्प होता. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनीही लहानपणी कळपामागे पायपीट केलेली, आता शेती. सरांनी तासात सांगितलं होतं, की तुमच्या घरातली माणसं ज्या वाटेने चालली, तिचा नकाशा काढा आणि तो घेऊन स्वतः या. त्याप्रमाणे तिने वडिलांना, म्हणजे तात्यांना, बोलतं करून मोरगावपासून घाटाखाली कोकणापर्यंतची मेंढरांची वाट काढली होती. पाणी कुठे, मुक्काम कुठे, कुठल्या गावचे लोक शेतात खतासाठी कळप बसवून घ्यायचे, सगळं रंगीत पेन्सिलीने.

"चाचा, सर कुठं बसत्यात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बस. पाणी पी."

"तात्यांनी सांगितलंय, सरांना म्हनावं वाट बरोबर हाय का बगा. आन् आजून एक इचारायला सांगितलंय. मला पुण्याला एम.ए.ला जायचंय. तात्या म्हनले, सर म्हनत्याल तसं. त्यांच्याबिगर दुसऱ्या कुनाचं ऐकायचं न्हाय."

मग तिने घरचं सांगितलं. सहाला पाट मांडून त्यावर फोन ठेवायचे. आई टीव्ही बंद करायची. फोनपुढून कुणी आडवं जायचं नाही, सर बघतायत. तात्या दाराशी येऊन बसायचे. सर "मोरगावकर" म्हणाले की कोमल "ओ सर" म्हणायची आणि उत्तर द्यायची.

"आन् सर बरोबर ऐकत्यात, चाचा. माझं चुकलं की परत इचार करा म्हनत्यात. बरोबर आलं की हां म्हनत्यात. एक डावबी उलटं झालं न्हाय."

एकदाही? मी विचारलं. एकदाही नाही, म्हणाली. पोरं कुठे चुकतात हे सरांना पाठ होतं, हे मला माहीत होतं. तरी वर्षभरात एकदाही उलटं होऊ नये, याचा हिशेब मला लागेना.

मी तिला सांगून टाकलं. सर आता नाहीत, ती प्रवेश घ्यायच्या आधीपासूनच नाहीत, आणि बाजूची खोली दाखवली. ती रडली नाही. रिकामा बाक बघत उभी राहिली.

"मग त्ये कुनाला बगत हुते?" तिने विचारलं.

मी खोलीचं दार ओढून घेतलं. प्रकल्पाची काळजी नव्हती, सरांच्या जागी आलेल्या नव्या बाई तपासून सही करणार होत्या. पण बाईंना घरात कुणी ओळखत नव्हतं. तात्यांनी शब्द मागितला होता तो सरांचा, आणि पुण्याच्या प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. प्रकल्प माझ्या टेबलावर ठेवून जाताना ती एवढंच म्हणाली, "तात्यांना कसं सांगू, चाचा?"

तिने सांगितलं असावं, कारण शनिवारी दुपारच्या एसटीने दोघं आली. तात्या उंच, वाळलेले, डोक्याला मुंडासं. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"भाई, तुमी जबाबदार मानूस. मेलेल्या मानसाम्होरं माझी पोर बसवली?"

मी हात जोडले. साहेबांची लाइव्हची शक्कल, कै.ची चौकट, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी पोरगा आसताना रानात निजायचो, मेंढराच्या वाड्याजवळ," ते म्हणाले. "बापानं एकच शिकीवलं. दिवेलागन झाल्यावर कुनी नाव घिऊन हाक मारली तर ओ द्याची न्हाय. पयल्या हाकंला न्हाय, दुसऱ्या हाकंला न्हाय. मानूस आसंल तर तिसरी मारतंय. तसल्याला तिसरी मारता येत न्हाय. आमच्यातला एकजन पयल्याच हाकंला ओ दिऊन गेला. कळप तितंच राह्यला, त्यो काय आला न्हाय. आन् माझी पोर वर्सभर ओ देतीया. दिवेलागनीलाच. माझ्याच दारात." मग एकदम विचारलं, "तुमचे सर किती डाव हाक मारायचे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दोनदा," मी म्हणालो. "तिसरी कधी नाही."

"बगा," तात्या म्हणाले.

तो राग नव्हता, भीती होती. पोरीच्या जिवाची भीती असलेल्या बापाशी वाद काय घालणार? मी म्हटलं, "तात्या, सर चांगला माणूस होता. पोरांच्या वाईटावर कधीच नव्हता."

"जित्तेपनी आसतील की. आता काय हायती त्ये तुमाला तरी कुठं ठावं?" ते कोमलकडे वळले. "पुनं न्हाय. त्यांच्या मागं मागं किती लांब जानार तू? त्यो नकाशा घी आन् चल. गाडी चुकंल."

कोमलने माझ्या टेबलावरून प्रकल्प उचलला आणि पिशवीत घातला. वर्षभर पाटासमोर बसलेली पोरगी होती ती. तिने एक शब्द जरी काढला असता, तरी मी तिच्या बाजूने भांडलो असतो. ती बोलली नाही आणि मी नुसता जळत राहिलो.

दोघं जिन्यापाशी पोचली असतील, तेवढ्यात बाजूच्या खोलीतून आवाज आला, "या, बसा."

सहा वाजले होते. बोलाचालीत माझं भान सुटलं होतं. त्या वर्षाचा शेवटचा तास होता. मी बंद करायला धावलो, पण कोमल माझ्याआधी खोलीत गेली होती आणि बाकावर जाऊन बसली होती. एवढं वर्ष बसली, शेवटचा तास तरी कशाला सोडू, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तात्या उंबऱ्यात थांबले. आत येईनात आणि तिला सोडून जाईनात. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

हा तास चित्रित झाला तेव्हा मी तिथे होतो. सर नद्यांची उजळणी घेतात, दख्खनचं पठार संपवतात आणि मग हातातलं पुस्तक मिटतात. तसंच झालं. पुस्तक मिटून म्हणाले, "आता एवढंच सांगा, पुढं कोण कोण शिकणार? पिंपळीकर?" मान कलती. "हां. लोणीकर?" थांबले. "हां. तुम्ही नाही तर कोण."

मग म्हणाले, "मोरगावकर?"

कोमलचे ओठ हलले. तात्या दोन ढांगांत आत गेले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दिऊ नगंस," ते हळू आवाजात म्हणाले.

सर थांबले होते. बाहेर संध्याकाळ उतरली होती, खोलीत पडद्याचाच काय तो उजेड.

"मोरगावकर, तुम्हाला विचारतोय."

ही दुसरी. आता सर टेबलावर खडू शोधतील, तो सापडणार नाही, मग हसतील आणि "चला, आपापल्या घरी" म्हणतील. मी त्या दिवशी शेवटच्या बाकावरून हे बघितलं होतं, आणि नंतरची दोन वर्षं पडद्यावर. मी खडूची वाट बघत होतो.

सरांनी खडू शोधला नाही. ते उभे होते. बाकांवरून त्यांनी नजर उचलली आणि किंचित बाजूला, दाराकडे बघावं तसं बघितलं. आवाज खाली आणून, ओळखीच्या माणसाला बोलवावं तसे म्हणाले,

"मोरगावकर."

कोमल मान वर करून बापाकडे बघत होती. तिने तोंड मिटलेलंच ठेवलं होतं, त्यांनी सांगितलं होतं तसं. सर वाट बघत होते.

तात्यांनी खांद्यावरचा हात काढला. मुंडासं सारखं केलं. आणि रानात लांबच्या माणसाला देतात तशी, जरा लांबवून, ओ दिली.

"ओ."

"हां," सर म्हणाले. "एवढा वेळ लागतो का? मग निघा आता. उजेड आहे तोवर."

पडदा काळा झाला. तात्यांनी कोमलच्या हातातली पिशवी घेतली, आतून नकाशा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सही घ्या कुनाची घ्यायची ती. आन् पुण्याचं काय भरायचं आसंल ते आत्ताच भरा. गाडी गेली तर जाऊ दे." मी लाइट लावला. कोमल आता रडत होती. मीही डोळे पुसत फॉर्म भरला.

कोमल पुण्यात शिकते आहे. मी निवृत्त झालो. तास अजून रोज सहाला लागतो, आणि वरच्यांनी नावाआधी 'कै.' अजून लावलेलं नाही. तो शेवटचा तास मी पुन्हा लावून बघितला नाही. बघता आला असता, एका बटणाचं काम होतं. पण तिथे दोनच हाका निघाल्या तर मी काय करायचं, आणि तीन निघाल्या तर माझ्या डोळ्यांचं काय समजायचं? दोन्हींची मला तितकीच भीती वाटते.

तेव्हा पोरांनो, नंबर स्वतःचा द्या, परीक्षेचं लेखी घ्या, शिकवणारा जिवंत आहे का ते विचारा. आणि मोरगावकडचं कुणी या कोर्सला जाणार असेल, तर शेवटच्या तासाला सर किती हाका मारतात, ते मला सांगायला येऊ नका.